एल्व्हिक, लोकसंख्या चार

एल्व्हिक, साउथ डकोटा
१२ मे १९९४

प्रिय जनेल,

तुझं पत्र मिळालं. फोन न करता लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनानं भरते.

मंगळवारी रस्तेखात्याचा माणूस आला होता. गावाबाहेरच्या पाटीवर अजून ६३ लिहिलेलं आहे, नवी पाटी रंगवायची आहे, तेव्हा खरा आकडा द्या म्हणाला. गावची कारकून एकतीस वर्षं मीच, म्हणून माझ्या दाराशी. मी विचारलं, कॉफी घेणार का? तर म्हणतो, "हो, चालेल." पहिल्याच खेपेला! मी किटली हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिले. आपल्याकडे माणूस पहिल्यांदा "छे, त्रास नको" म्हणतो, दुसऱ्यांदा "आत्ताच घेऊन निघालो" म्हणतो आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणत खुर्ची ओढतो. मग तीन कप पितो. हा पठ्ठ्या सरळ बसलाच. मी हे मर्लला सांगितलं तर तो म्हणाला, "बिचाऱ्याला आई नसेल."

मग आम्ही मोजायला बसलो. पेट्रोलपंपवाले डेल आणि बेव्ह सुंडाल, दोन. ते दोघं पहिलं दव गोठलं की टेक्ससला पळतात आणि एप्रिलात परततात, पण पत्ता इथला, म्हणून धरायचे. समोरच्या घरातला मर्ल ऑक्सनर, तीन. मी, चार. त्या माणसानं पेन्सिल वर धरून विचारलं, "आणखी?" मी म्हटलं, टेकडीवरच्या दफनभूमीत दोनशे बारा आहेत आणि ते टेक्ससला जात नाहीत. त्यानं हसून चार लिहिले.

आता तुझ्या बोलण्याबद्दल. तुझ्या शेजारची जागा रिकामी होते आहे, ये म्हणतेस. छे गं, कशाला तुला त्रास. डुलुथमध्ये मी काय करणार? इथे गावचा दुपारी बाराचा भोंगा कोण वाजवणार? आणि मर्लचं काय? त्याची आयोन गेल्यापासून नऊ वर्षं तो एकटा आहे. रोज सकाळी सातला मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर करते, तो त्याचा वर करतो. म्हणजे दोघंही आहोत. एखाद्या दिवशी त्याचा वर गेला नाही तर बघायला कोण जाईल? हिवाळ्यात सहा महिने या गावात आम्ही दोघंच असतो. तेव्हा राहू दे.

गुडघा कसा आहे?

तुझी,
आर्लिस


डुलुथ, मिनेसोटा
३० मे १९९४

प्रिय आर्लिस,

गुडघा बरा आहे, जिने चढताना तेवढा कुरकुरतो. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे, हे तुला मुद्दाम सांगते.

अगं, जागा खरंच चांगली आहे. माझ्या दाराला लागून दार. एक खोली, एक न्हाणी, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट तलावावर. खनिजाची जहाजं येतात तेव्हा पूल वर उचलला जातो, ते बसल्या जागी दिसतं. माझा आर्नी त्या जहाजांवर तीस वर्षं होता. तो गेल्यावर मी त्यांच्याकडे पाठ करून बसायची. आता बरं वाटतं बघायला. इमारत सांभाळणाऱ्या पुल्किनेनबाई म्हणाल्या, बहिणीसाठी असेल तर सप्टेंबरपर्यंत कोणाला देत नाही.

तू सहासष्ट वर्षं मला ओळखतेस. मी तोंडदेखलं बोलत नाही, निदान इथे आल्यापासून तरी. शाळा बंद, धान्याचा कोठा बंद, चर्चमध्ये दोन महिन्यांतून एकदा पाद्री येतो आणि तोही घड्याळात बघत असतो. तू एकोणसत्तर वर्षांची. गेल्या जानेवारीत बर्फानं दार उघडेना म्हणून दोन दिवस घरात कोंडून होतीस, हे तू मला मार्चमध्ये सांगितलंस, तेही हवामानाच्या बातमीसारखं. ये ना. मर्लला त्याची मुलगी आहे की.

तुझी,
जनेल


एल्व्हिक
९ जुलै १९९४

प्रिय जनेल,

उशीर झाला, कारण चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक होती. हसू नकोस. दरवर्षी होते, यंदाही झाली. मर्लचा हिरवा ट्रॅक्टर, डेलचा पंपाचा ट्रक, आणि त्यांच्या मागे मी झेंडा घेऊन. बघायला एकटी बेव्ह, खुर्ची टाकून. चर्चपर्यंत गेलो, वळलो. मग बेव्हला वाईट वाटलं की आपण काहीच केलं नाही, म्हणून मी खुर्चीत बसले आणि ती झेंडा घेऊन चालली. त्यानंतर भट्टीत भाजलेली बटाट्याची हॉटडिश आणि लाल-निळी जेली. बेव्हनं तीनदा आग्रह केल्यावर मर्लनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि रात्रभर जागा होता म्हणे.

त्याच्या मुलीचं म्हणशील तर कॉनी सू फॉल्स शहरात असते, पण तो नाव काढत नाही. परवा मी सहज म्हटलं, कॉनीकडे जाऊन राहावंसं नाही वाटत? तर म्हणाला, "इथं काय वाईट आहे?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. पाय मोडला होता तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं. गेल्या महिन्यात अंगणात पडला, तासभर उठता आलं नाही. मी बाराला भोंगा वाजवायला निघाले म्हणून दिसला. मला बघून म्हणतो, "काही नाही, ढग बघत होतो."

असा माणूस टाकून मी तलाव बघायला येऊ? नाही जनेल. पुल्किनेनबाईंचे आभार मान. माझ्यासाठी जागा अडवून ठेवायला लावणं मला बरोबर वाटत नाही. मला इथंच बरं आहे.

त्या खिडकीत सकाळचं ऊन येतं का? आणि ती उघडते का, की नुसतीच काच? आपलं सहज विचारलं. माझ्या जेरेनियमच्या कुंड्यांना पश्चिमेची खिडकी मानवत नाही, तेवढ्यावरून मनात आलं.

तुझी,
आर्लिस


एल्व्हिक
४ ऑगस्ट

प्रिय जनेल,

मी पत्र लिहिल्याला बरीच वर्षं झाली, तेव्हा चूकभूल द्यावी. पाऊस पाव इंच. मका बरा आहे. सोयाबीन पिवळं पडलंय.

आर्लिसनं मला सांगितलं की तू तिला बोलावतेस आणि तिनं दोनदा नाही म्हटलं. मला वाटलं तुला सगळं माहीत असावं. माझ्या कॉनीनं तीन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला माझ्यासाठी खोली बांधली. न्हाणीत धरायला दांडे लावलेत. धाकट्या नातीनं दारावर माझं नाव रंगवलंय, असं कॉनी सांगते. मी अजून ते पाहिलेलं नाही. पाहिलं तर परत यायला जड जाईल.

मी इथून हलत नाही याचं कारण आर्लिस. मी गेलो तर ऑक्टोबर ते एप्रिल ती एकटी. मला तिचा पडदा दिसला नाही तर दिवस सुरू होत नाही, ते एक असो. पण तिला हे गाव आवडतं. ती नेहमी तसंच म्हणते. तिच्या आवडीच्या जागी तिला एकटं टाकून जायचं, हे मला जमणार नाही.

यंदा छाती जरा भरून येते. डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा इथं काढू नका. मी म्हटलं बघू.

तिला यातलं काही कळवू नकोस. तिला ओझं वाटेल.

तुझा,
मर्ल ऑक्सनर

ता. क. आयोनच्या दफनाला तू पाठवलेली फुलं छान होती. तेव्हा कळवायचं राहिलं.


डुलुथ
१५ ऑगस्ट १९९४

प्रिय आर्लिस,

मर्लनं मला पत्र लिहिलंय आणि तुला कळवू नको म्हणालाय. पण मी त्याला तसं वचन दिलेलं नाही, आणि त्याची छाती बरी नाही, म्हणून कळवते. पत्र सोबत जोडलं आहे. खुर्चीत बसून वाच.

वाचलंस? तू त्याच्यासाठी थांबलीस आणि तो तुझ्यासाठी. नऊ वर्षं समोरासमोरच्या खिडक्यांतून दोघं एकमेकांची राखण करताय, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मी हसले आणि मग मला इतका राग आला की मी पायीच किनाऱ्यापर्यंत गेले, या गुडघ्यानिशी.

त्याला जाऊ दे, आर्लिस. त्या खोलीच्या दारावर त्याचं नाव आहे.

तुझ्याबद्दल मी आता काही बोलणार नाही. तू नाही म्हणालीस, दोन्ही वेळा स्वच्छ लिहिलंस. मर्लही म्हणतो की तुला तिथंच आवडतं. मी उगीच मागे लागले. शहरात राहून मला वाटायला लागलं की सगळ्यांना तलाव हवा असतो.

तुझी,
जनेल


एल्व्हिक
१० सप्टेंबर १९९४

प्रिय जनेल,

मर्ल गेला. घाबरू नकोस, सू फॉल्सला गेला.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस पडदा वर केला, पण खिडकीशी उभी राहिले नाही. मला त्याचं तोंड बघवेना. त्याला जर मी म्हटलं असतं, तुझं पत्र वाचलं, जा कॉनीकडे, तर तो म्हणाला असता "इथं काय वाईट आहे" आणि मार्चमध्ये मला त्याला टेकडीवर पोचवावं लागलं असतं. म्हणून मी तिसऱ्या दिवशी दालचिनीचे रोल केले, ताट घेऊन त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "मर्ल, मी डुलुथला जनेलकडे राहायला चाललेय. कायमची."

त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "तुला तर इथं आवडतं."

मी म्हटलं, "आता गुडघे ऐकत नाहीत." गुडघे तुझे, पण मला वेळेवर तेच सुचले.

त्यानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. पुन्हा विचारलं, माझ्यासाठी तर नाही ना चाललीस? मी म्हटलं, तू कोण लागून गेलास. तेव्हा तो हसला. रोल दे म्हणाला, तेही पहिल्याच खेपेला, मी आग्रह करायच्या आत. त्यावरून मला कळलं की त्याला किती जायचं होतं.

कॉनी गाडी घेऊन आली. नात पुढे बसली होती. त्यानं निघताना टोपीला हात लावला आणि माझ्या खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. घर विकत नाही म्हणाला, कारण विकत घेणार कोण.

तर असं झालं. मी त्याला सांगितलं ते निम्मं खोटं होतं. निम्मं कसं, ते मला नीट मांडता येत नाही. तुझ्या पत्राची वाट बघत होते. त्या खिडकीची रुंदी किती असेल? माझे निळे पडदे बेचाळीस इंचांचे आहेत. आखूड करता येतात.

तुझी,
आर्लिस


डुलुथ
२२ सप्टेंबर १९९४

प्रिय आर्लिस,

मला हे कसं लिहावं कळत नाही.

जागा गेली. तुझं दुसरं 'नाही' आलं त्यानंतर मी महिनाभर थांबले, आणि मर्लचं पत्र आलं तेव्हा माझी खात्रीच झाली. पंधरा ऑगस्टला तुला पत्र टाकून परत येताना मी पुल्किनेनबाईंना सांगितलं, बहीण येत नाही. एक तारखेला एक निवृत्त संगीतशिक्षक राहायला आले. मनुष्य चांगला आहे. दुपारी व्हायोलिन वाजवतो.

पत्रात तुला सांगितलं नाही, कारण मला वाटलं तुला ओझं वाटेल की मी इतके दिवस जागा अडवून ठेवली.

पण तू नाही म्हणाली होतीस ना? "मला इथंच बरं आहे" लिहिलं होतंस. पन्नास वर्षं तू हेच म्हणतेस. मी बॅग उचलली त्या दिवशीही तू दारात उभी राहून हेच म्हणालीस. मी तर लोकांना सांगत आले की माझी बहीण त्या मातीतलीच आहे, तिला उपटली तर जगायची नाही.

खिडकी छत्तीस इंचांची आहे. कशाला सांगते आहे कोण जाणे.

तुझी,
जनेल


एल्व्हिक
३० सप्टेंबर १९९४

जनेल,

दोनदा. तू मला दोनदा विचारलंस.

आईनं तुला काय शिकवलं? मिसेस लुंडच्या घरी पहिल्यांदा केक घेतलास म्हणून परतताना तुझा कान कोणी पिळला होता? पहिल्यांदा नाही म्हणायचं ते समोरच्याला त्रास नको म्हणून. दुसऱ्यांदा नाही म्हणायचं ते आपण हावरट नाही म्हणून. तिसऱ्यांदा विचारतात तेव्हा कळतं की त्यांना खरंच आपण हवे आहोत. तेव्हाच हो म्हणायचं असतं. मी खिडकी उघडते का विचारलं, ऊन येतं का विचारलं, पडद्याची मापं लिहिली. आणखी काय करायला हवं होतं मी? मी इथं रोज टपालपेटीपर्यंत जाऊन तुझ्या तिसऱ्या बोलावण्याची वाट बघत होते आणि तू पुल्किनेनबाईंकडे जाऊन मला खोडून आलीस.

आणि आता १९४७ चं सांगते, कारण ते तू पुन्हा काढलंस. त्या वसंतात मला मिनियापोलिसच्या नर्सिंग शाळेचं पत्र आलं होतं. घेतलं होतं त्यांनी मला. तुला दाखवायला मी वर खोलीत आले तर पलंगाखाली तुझी बॅग भरलेली. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, आईचे हात वाकडे झाले होते, तिला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. दोघींतली एकच जाऊ शकणार होती. मी खाली आले आणि पत्र चुलीत घातलं. रात्री जेवताना तू म्हणालीस, आर्लिस, मी गेले तर तुला चालेल ना? मी म्हटलं, मला इथंच बरं वाटतं. तू पुन्हा विचारलंस, खरंच ना? मी म्हटलं, खरंच.

तेव्हाही दोनदाच विचारलंस, जनेल. तिसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मी बटाटे वाढत वाट बघत होते. तू बटाटे घेतलेस.

सत्तेचाळीस वर्षं मी या वाक्यात अडकून पडले आहे. आधी आई होती, मग कारकुनी, मग मर्ल. इथून निघायचं नाही याला निमित्त म्हणून मला नेहमी कोणीतरी चांगलं माणूस सापडलं. आता गावात माणूसच उरलं नाही आणि तरी मी इथंच आहे.

याला उत्तर नको.

आर्लिस


डुलुथ
१२ ऑक्टोबर १९९४

प्रिय आर्लिस,

तू उत्तर नको म्हणालीस, पण मी लिहितेच आहे.

मला बॅगेबद्दल माहीत नव्हतं, म्हणजे तू ती पाहिलीस हे माहीत नव्हतं. पण बटाटे मला आठवतात. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मला भीती वाटली की तू खरं सांगशील. एकोणीस वर्षांची होते, पण कळत होतं मला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं की तुला तिथं आवडतं, आणि मर्लनं तेच लिहिलं तेव्हा मला बरं वाटलं. ते मी तुझ्याकडून लपवणार नाही.

आता तुला द्यायला माझ्याकडे काही नाही. इमारतीत जागा कोणी मेल्याशिवाय रिकामी होत नाही आणि यंदा सगळे ठणठणीत आहेत. माझी एकच खोली. एक सोफा आहे, तो उघडून पलंग होतो, पण मधली दांडी पाठीत रुतते आणि शेजारी व्हायोलिन. एकोणसत्तराव्या वर्षी तुला तिथं झोप म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हिवाळ्याचं काय करशील? सुंडाल गेले का?

तुझी,
जनेल


एल्व्हिक
२७ ऑक्टोबर १९९४

प्रिय जनेल,

सुंडाल पंधरा तारखेला गेले. बेव्हनं फ्रीजमधलं सगळं माझ्याकडे आणून दिलं, आणि मी दोनदा नाही म्हटल्यावर दारात ठेवून पळाली. वीस तारखेला नवी पाटी आली. रस्तेखात्याचा तोच माणूस, तोच कप. एल्व्हिक, लोकसंख्या चार, हिरव्यावर पांढऱ्यानं. मी त्याला म्हटलं नाही की आता एकच आहे. एवढी सुबक रंगवली होती.

सोमवारी मी एक गोष्ट केली. सकाळी सातला उठले आणि पडदा वर केला नाही. मुद्दाम. खुर्ची ओढून स्वयंपाकघरात बसले. आठ वाजले, दहा वाजले. समोर मर्लची खिडकी, तिच्यामागे कोणी नाही. बाराला भोंगाही वाजवला नाही. दोन मैलांवर जेन्सनचं शेत आहे, मला वाटलं ते तरी फोन करतील, आज भोंगा का नाही म्हणून. नाही केला. एकला टपालगाडी आली, पेटीत कागद टाकले, गेली. चारपर्यंत मी तशीच बसले होते.

म्हणजे मी मेले असते तर, आजचा गुरुवार धरून, अजून कोणाला कळलं नसतं. मी आधी हसले. मग रडले, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. एकतीस वर्षं मी या गावाची माणसं मोजली आणि मला मोजायला इथं कोणी नाही.

मंगळवारी टपालपेटीशी उभी राहिले. टपालवाला लॉइड थांबला, म्हणाला, थंडी वाढली. मी हवामानाबद्दल काही बोलले नाही. म्हटलं, "लॉइड, मला पुढच्या गुरुवारी महामार्गापर्यंत बससाठी सोड." तो जरा चपापला. मग म्हणाला, "बरं." एवढंच लागतं, जनेल. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाकडे काहीतरी सरळ मागितलं आणि तो बरं म्हणाला.

तर आता तुला सांगते. तुझ्या शेवटच्या पत्रात तू मला बोलावलेलं नाहीस. सोफ्याचं वर्णन केलंस, दांडीचं केलंस, पण ये असं कुठेही लिहिलं नाहीस. मी दोनदा वाचून बघितलं. तुला तो सोफा देण्याची लाज वाटते, हे मला कळतं. आधीची मी असते तर तुझं मन राखायला लिहिलं असतं की मला इथंच बरं आहे.

मला इथं बरं नाही. मला यायचंय. कोणी विचारलेलं नाही तरी सांगते आहे, दांडी रुतली तरी चालेल, तो व्हायोलिन वाजवो नाहीतर ढोल. बॅग काढली आहे. तुझी जी पलंगाखाली होती तशीच, आईची दुसरी. निळे पडदे छत्तीस इंचांवर आखूड केले.

गुरुवारी बाराचा भोंगा वाजवून निघेन. मर्लला मी कार्ड टाकलं आहे की मी त्याला सांगितलेलं आता पुरतं खरं आहे.

तुझी,
आर्लिस

ता. क. बस शुक्रवारी दुपारी पोचते. तिसऱ्या मजल्यावरची तुझी खिडकी कुठली, मला माहीत नाही. तेवढा पडदा वर करून ठेव.